१९६६ची मस्टँग की आजचा पिकअप ट्रक? शेडमध्ये जागा एकाच गाडीची

वाटसरू

मंडळी, दोन गाड्या समोर आहेत आणि शेडमध्ये जागा एकीलाच आहे.

पहिली १९६६ची फोर्ड मस्टँग. २८९ घनइंची (४.७ लिटर) व्ही-८, ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुसरी आजची फोर्ड एफ-१५०. चार दरवाजांची क्रू कॅब, साडेपाच फुटी हौदा, ३.५ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६. कंपनी एकच, पण मधे जवळपास साठ वर्षं गेलेली.

वापर असा: आठवड्याचे पाच दिवस कामावर जाणं-येणं, सुतारकामाची हौस असल्यामुळे अधूनमधून प्लायवूड आणि लाकूड आणणं, कधीतरी ट्रेलर ओढणं. घरात दोन मुलं, वय ७ आणि ४.

माझं मन मस्टँगकडे ओढतंय. माझं म्हणणं असं, की जुनी गाडी नीट राखली तर रोजच्या वापराला पुरते. शिवाय बॉनेट उघडलं की समोर काय आहे ते कळतं आणि हाताने दुरुस्त करता येतं. दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी लिहा. नुसतं 'जुनं ते सोनं' नको, कारणं हवीत.

चकमक

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

रानवाट

पिकअप घ्या. लाकूड, ट्रेलर, दोन मुलं... उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे.

जुनाजाणता

असहमत. रोज वापरलेली जुनी गाडी टिकत नाही हा गैरसमज आहे. अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६चीच व्होल्वो पी-१८०० घेतली आणि २०१३मध्ये तिने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला. तेल वेळेवर, ग्रीस वेळेवर, आवाज बदलला की लगेच लक्ष. जुन्या गाड्या उभ्या राहून मरतात. रबरी सील सुकतात, ब्रेकच्या तेलात पाणी धरतं, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल वाळून चिकट थर बसतो. धावती ठेवली तर यातलं बरंचसं होतच नाही.

सांधेजोड

माझं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं, म्हणून थोडं लांबवतो.

मस्टँगच्या त्या इंजिनाला पॉइंट आणि कंडेन्सरचं इग्निशन आहे, म्हणजे ठिणगी पाडायला प्रवाह तोडणारा छोटा यांत्रिक स्विच (पॉइंट) असतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, रोटर उपसायचा, इंजिन हाताने फिरवून कॅमचं टोक पॉइंटच्या ठोकळ्याखाली बरोबर माथ्यावर आणायचं आणि ०.०१७ इंचाचं फिलर गेज फटीत सरकवायचं. पात्याला दोन्ही बाजूंनी किंचित ओढ लागली पाहिजे. अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. स्क्रू आवळला की फट हमखास हलते, म्हणून परत मोजायची. मग टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा. हे सगळं जमलं की निष्क्रिय चालीत (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिनाचा सूर बदलतो, तो कानाला लगेच कळतो. हे शिकवायला मला आजही आवडतं.

पण धागाकर्त्याने ध्यानात घ्यावं की हे काम 'करता येतं' एवढंच नाही, ते 'करावं लागतं'. पॉइंट झिजतात, चोकचं स्प्रिंग ढिलं पडतं, ड्रम ब्रेकचं अंतर बघावं लागतं, सांध्यांना ग्रीस मारावं लागतं. नव्या पिकअपमध्ये वर्षानुवर्षं तेल, फिल्टर आणि टायर यापलीकडे हात लावायची गरज पडत नाही. तुम्हाला सोमवारी सकाळी कामावर पोचायचं आहे की रविवारी दुपारी शेडमध्ये रमायचं आहे, हे आधी ठरवा.

अजून एक. त्या काळातल्या फ्लॅट टॅपेट कॅमला (व्हॉल्व उघडणारा दांडा, ज्याचे उंचवटे सपाट ठोकळ्यावर घासतात) तेलात जस्त आणि फॉस्फरसचं संयुग भरपूर लागतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून आजच्या साध्या तेलांत त्याचं प्रमाण कमी केलेलं असतं. त्यामुळे डोळे झाकून कुठलंही नवं तेल ओतू नका, कॅमचे उंचवटे घासून जातात.

पांढरापेशा

सांधेजोड काका, दंडवत. वाचनखूण साठवली.

टॉर्कप्रेमी

मस्टँगची ताकद बघा ना! २८९ची चार बॅरलच्या कार्बोरेटरची आवृत्ती २२५ हॉर्सपॉवर, 'के-कोड' नावाची जास्त ताकदीची आवृत्ती तर २७१. आणि गाडीचं वजन जेमतेम १३०० किलो. पिकअप सव्वादोन टनांची. कोण कुणाच्या पुढे जाईल?

मोजमाप

@टॉर्कप्रेमी, ते आकडे थेट शेजारी ठेवून चालत नाही. १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या 'ग्रॉस' हॉर्सपॉवर छापत. म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवायचं, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि मग मोजायचं. १९७२पासून 'नेट' आकडे आले, म्हणजे गाडीत बसवलेलं असतं तसं, सगळ्या सामग्रीसकट. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन घ्या. १९७१ला ग्रॉस ३६५ होतं, १९७२ला नेट २३५ झालं. इंजिन तेच, फक्त मोजायची पद्धत बदलली.

या एफ-१५०चे ४०० हॉर्सपॉवर आणि ६७८ न्यूटन-मीटर टॉर्क हे नेट आहेत. वर १० गिअरचा ऑटोमॅटिक. जुन्या मस्टँगचा ऑटोमॅटिक ३ गिअरचा. जड असूनही पिकअप सरळ रस्त्यावर आरामात पुढे जाईल.

टॉर्कप्रेमी

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण आवाजात कोण पुढे, तेवढं तरी मस्टँगला द्या! :)

मोजमाप

आवाज बिनशर्त मस्टँगचा.

चकमक

आलो. सगळे इंजिनावर बोलताहेत, मी ब्रेकवर बोलतो.

१९६६च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. एका चाकाचा होज फुटला किंवा सील गेलं की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, उरतो फक्त हँडब्रेक. दोन स्वतंत्र सर्किटांचा सिलिंडर तिला १९६७मध्ये मिळाला. आणि लांब उतारावर ड्रम तापले की पेडल तेवढंच दाबूनही गाडी थांबेनाशी होते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड कमी होते, आत साठलेली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. डिस्क उघड्या हवेत असते म्हणून ती लवकर निवते.

त्याच काळात पुढे डिस्क ब्रेकचा पर्याय कंपनी देत होती, त्यामुळे बदल करायचा तर सुटे भाग सर्रास मिळतात. कुठलीही पहिली खरेदी करायची तर ती ही. रंग, क्रोम, व्हील कॅप सगळं नंतर.

माईआजी

मुलांचं कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी लिहिते. त्या मस्टँगमध्ये मागे फक्त मांडीवरचा पट्टा. चार वर्षांच्या मुलाची स्वतःचे पट्टे असलेली सीट मांडीपट्ट्यावर बांधता येते. पण सात वर्षांचं मूल बूस्टरवर (मुलाला उंच बसवणारी बैठक) बसतं आणि बूस्टरला खांद्यावरचा पट्टा लागतोच. नुसत्या मांडीपट्ट्यावर बूस्टर कधीही वापरू नये. टक्कर झाली तर मुलाचं वरचं अंग पुढे फेकलं जातं आणि पट्टा पोटात रुततो.

तीन बिंदूंचा पट्टा निल्स बोलिन यांनी व्होल्वोसाठी १९५९मध्ये तयार केला. मस्टँगला तो मागून बसवता येतो, पण पत्र्याला आतून जाड प्लेट वेल्ड करून. नुसतं भोक पाडून बोल्ट लावू नका, पत्रा फाटून येईल.

चकमक

माईआजींना +१००. त्यांचंच पुढे नेतो. २००९मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मालिबू समोरासमोर आपटल्या, ताशी ६४ किमी वेगाने, अर्धवट बाजूने. बेल एअरचं केबिन आत चेपलं, चालकाच्या जागेचा चोळामोळा झाला. मालिबूचं केबिन शाबूत राहिलं. 'जुन्या गाड्यांचा पत्रा जाड, म्हणून त्या सुरक्षित' हे त्या दिवशी निकालात निघालं.

जुनाजाणता

बेल एअरची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, एक्स आकाराची होती, बाजूला आधारच नव्हता. मस्टँग युनिबॉडी आहे, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध. तिला त्या गुन्ह्याची शिक्षा का?

चकमक

जुनाजाणता, चासीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तरीही तीन गोष्टी उरतात. एक, १९६६च्या मस्टँगचा स्टीअरिंग शाफ्ट एकसंध आहे, पुढच्या बाजूला असलेल्या स्टीअरिंग बॉक्सपासून थेट चालकाच्या छातीसमोर येणारा. दाबला जाऊन आखूड होणारा कॉलम अमेरिकेत १९६८पासून सक्तीचा झाला. दोन, पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. डिकीचं कार्पेट उचललं की खाली टाकीच दिसते, आणि मागची सीट व टाकी यांच्यात भिंत म्हणावी असं काही नाही. तीन, एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा नाही. पहिल्या दोन गोष्टींवर बाजारात उपाय मिळतात, तिसरीवर नाही.

मी स्वतः जुनी गाडी चालवतो, प्रेमाने चालवतो. पण मुलांना रोज तीत नेत नाही.

सायकलस्वार

आता दुसरी बाजू. पिकअप आत बसणाऱ्यांसाठी सुरक्षित आहे. बाहेर चालणाऱ्यांचं काय? त्याच आयआयएचएसने २०२३मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. मस्टँग पायाला लागते, पिकअप छातीला. मी रस्त्यावर सायकल चालवतो आणि अशा नाकाच्या गाड्या रोज शेजारून जातात. मला या आकड्याची भीती वाटते.

मोजमाप

@सायकलस्वार, मुद्दा खरा आहे आणि त्यात एक गंमत आहे. लोक म्हणतात पिकअप 'केवढी अवाढव्य' झाली. १९५९ची कॅडिलॅक ५.७ मीटर लांब आणि २ मीटर रुंद होती. क्रू कॅब एफ-१५० ५.९ मीटर लांब, तीही २ मीटर रुंद. जमिनीवर दोघी जवळपास तेवढीच जागा अडवतात. फरक उंचीत आहे. कॅडिलॅक १.४ मीटर, पिकअप १.९५ मीटरच्या आसपास. कॅडिलॅकच्या चालकाला बॉनेटपलीकडचं मूल दिसायचं, पिकअपच्या चालकाला उभं मूलसुद्धा दिसेलच असं नाही.

रानवाट

म्हणून तर कॅमेरे असतात.

सायकलस्वार

कॅमेरा चिखलाने माखला की? पिकअप चिखलात जायलाच घेतात ना.

सुतारपक्षी

मी हौशी सुतार, म्हणून लाकडापुरतं सांगते. हौद्यात दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधलं अंतर चार फुटांहून थोडं जास्त असतं. त्यामुळे आठ बाय चारची शीट सपाट झोपते. साडेपाच फुटी हौदा असेल तर मागची फळी उघडी ठेवायची आणि शीट पट्ट्याने बांधायची, नाहीतर ती वाऱ्याने उचलली जाते. मस्टँगमध्ये शीट नेण्याचा विचारही नको. टपावर बांधली तरी ती पुढून हवा पकडते.

पण दादा, तुम्ही लाकूड आणणार 'अधूनमधून'. तेवढ्यासाठी पिकअप किंवा छोटा ट्रेलर भाड्याने घेता येतो. मी तेच करते. हौदा बाकीचे दिवस रिकामाच फिरतो.

रानवाट

ताई, ट्रेलर तर त्यांना ओढायचाच आहे. योग्य पॅकेज घेतलं तर एफ-१५० ६ टनांच्या घरात ओढते.

सांधेजोड

रानवाट, ओढण्याचा आकडा जाहिरातीत मोठा असतो, पण गाडी बहुतेक वेळा आधी दुसऱ्याच आकड्याला अडते. तो म्हणजे पेलोड, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर लिहिलेला. त्यात माणसं, सामान, हौद्यातलं लाकूड आणि ट्रेलरचा हुकवर येणारा भार हे सगळं धरायचं. हुकवरचा भार साधारण ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. समजा ट्रेलर ३००० किलोचा. म्हणजे ३०० ते ४५० किलो हुकवरच गेले. वर चार माणसं आणि सामान चढवलं की पेलोड संपत आला. जितकी साधनं जास्त, सनरूफ, मोठी चाकं, चामडी सीटा, तितका पेलोड कमी. म्हणून गाडी बघायला जाताना ते लेबल आधी वाचा.

पांढरापेशा

अवांतर: माझी नवी पिकअप (कंपनीचं नाव लिहीत नाही) एकदा हायवेवर स्वतःहून ताकद कमी करून बसली, ताशी चाळीसच्या वर जाईना. स्कॅनर लावल्यावर कारण निघालं, एका सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी. इंजिन ठणठणीत होतं. पुढची काच बदलली तेव्हा काचेमागचा कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागला. आपल्या हातात काही उरलेलं नाही. हाताने दुरुस्त करण्याबद्दलचं वाटसरूंचं म्हणणं मला पटतं.

मोजमाप

@पांढरापेशा, पण कारण निघालं ना मिनिटांत! १९९६पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ या गाडीतला बिघाड सांगणाऱ्या यंत्रणेचं समान सॉकेट आहे. साधा स्कॅनर लावून कुणालाही कोड वाचता येतो. जुन्या गाडीत 'गरम झाली की बंद पडते' याचं कारण शोधताना कॉइल, कंडेन्सर, पेट्रोल पंप, वाफेचा अडसर असा एकेक संशयित तपासत जावं लागतं.

मला काळजी वेगळी वाटते. आजच्या गाडीतला एखादा कंट्रोल मॉड्यूल (यंत्रणा चालवणारा छोटा संगणक) तीस वर्षांनी गेला तर तो कुठून आणणार? मस्टँगचं सगळं मिळतं, अख्खी नवी बॉडीशेलसुद्धा फोर्डच्या परवान्याने बनते. साठ वर्षांनी कुणी ही पिकअप राखू म्हणेल तेव्हा त्याचं काम मस्टँगवाल्यापेक्षा फार अवघड असेल.

शेवंता

तिसरा पर्याय: जुनी पिकअप! १९६६ची फोर्ड एफ-१००. १९६५ला तिला ट्विन आय-बीमचं (दोन्ही चाकांना वेगवेगळा दांडा) पुढचं सस्पेन्शन आलं, त्यामुळे आधीच्या पाट्यांच्या गाडीपेक्षा बरीच मऊ चालते. हौदा आहे, पॉइंट आहेत, आवाज आहे. दोन्ही हौशी एकाच गाडीत.

चकमक

आणि एकाच बाकावर सगळं कुटुंब, मांडीपट्ट्यांवर. सुंदर गाडी आहे, पण माईआजींचा मुद्दा तिथेही तसाच राहतो.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

माईआजींचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. रोजची गाडी मस्टँग नाही, हे तिथेच ठरलं. मुलांचा प्रश्न असेल तर मला वाद घालायचा नाही. सायकलस्वारांचं बॉनेटचं म्हणणंही मनात राहिलंय. त्यामुळे उंच टायर आणि उचललेलं सस्पेन्शन असलेली आवृत्ती मी घेणार नाही, आणि पुढचा कॅमेरा असलेलीच बघेन.

पण मस्टँग सोडवत नाही. मालक थांबायला तयार आहे.

सुतारपक्षी

दादा, शेडची आतली लांबी किती?

वाटसरू

आत्ता टेप लावून आलो. ५.५ मीटर.

सुतारपक्षी

मग पिकअप तिच्यात शिरतच नाही! ५.९ मीटर आहे ती. मस्टँग ४.६ मीटर. नवी गाडी पावसात उघड्यावर उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. रंग, सील, गंजरोधक थर त्यासाठीच असतात. १९६६च्या पत्र्याला मात्र छप्पर लागतंच. पिकअप बाहेर, मस्टँग आत. आणि शेडमध्ये पुढे ९० सेंटिमीटर उरतात, तिथे तुमचं सुतारकामाचं टेबल बसेल.

टॉर्कप्रेमी

धागा जिंकला ताईंनी!

जुनाजाणता

अगदी बरोबर. फक्त दुसरी गाडी म्हणून घेतलीत तर उभी ठेवू नका. दर आठवड्याला इंजिन पूर्ण तापेल इतकी फिरवा. नुसतं जागेवर चालू करून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवू नका, ते हवेतली ओल धरतं. जुने रबरी होज असतील तर इथेनॉल चालणारे नवे बसवा.

वाटसरू

ठरलं तर. आधी पिकअप, तिचं बस्तान बसलं की मस्टँग. रविवारी मस्टँग बघायला जातोय. सांधेजोड काका, पहिल्यांदा काय तपासू?

सांधेजोड

पुढच्या काचेखाली, बॉनेट आणि काचेच्या मधे, हवा आत घेणाऱ्या जाळ्या असतात. मालकाची परवानगी घेऊन त्यांत बादलीभर पाणी सावकाश ओता. दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन आत डॅशबोर्डखाली झोपवा. पायाशी थेंब पडला तर जाळीखालचा पत्रा सडलाय असं समजा. तो बदलायला पुढची काच, फेंडर आणि डॅशबोर्डखालचं बरंच सामान काढून वेल्डचे टिपके फोडावे लागतात. या गाडीतलं ते सर्वांत कष्टाचं काम, आणि ताज्या रंगाखाली ते दिसत नाही.

मग कार्पेट उचलून फरशीचा पत्रा बोटाने दाबा. चुंबक रुमालात गुंडाळून दरवाजांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी आणि फेंडरच्या मागच्या कोपऱ्यावर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गाडी उचलून पुढच्या-मागच्या रेलना हातोडीची मूठ ठोकून आवाज ऐका. खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत गंज आहे.

इंजिन खराब निघालं तर घाबरू नका, त्याचं सगळं मिळतं. पण पाणी आत आलं तर तिथूनच परत फिरा आणि दुसरी मस्टँग शोधा. पहिल्या दोन वर्षांतच दहा लाखांवर विकल्या गेल्यात, चांगल्या अजून भरपूर आहेत.